बोटीच्या मॉडेलला मॅट वार्निश मारताय? आधी डबा तळापासून ढवळा

मॅट वार्निशमध्ये चमक कमी करणारी बारीक पावडर असते ना, ती डब्याच्या तळाशी बसते, त्यामुळे वरवरचं वार्निश घेतलं की बोट चकचकीत होते आणि तळाचं घेतलं की पांढुरके डाग पडतात. म्हणून काडीने तळ खरवडत सावकाश ढवळा, डबा हलवू नका, बुडबुडे येतात आणि ते डेकवर तसेच वाळतात.

पाण्यात सोडायची बोट असेल तर मी आधी ग्लॉसचे, म्हणजे चकचकीत वार्निशचे, दोन पातळ हात देतो, पूर्ण वाळलं की बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा आणि शेवटचा एकच हात मॅटचा. मॅटचे थरावर थर दिले तर खालचा रंग धुरकट दिसतो.

आपल्या जळगावात मे महिन्यात भर दुपारी स्प्रे मारूच नका भाऊ, थेंब हवेतच वाळतो आणि हात फिरवला की खरखरीत लागतं, सकाळी लवकर मारा. पावसाळ्यात दमट हवेने पांढरी झाक येते.

मासेमारीची होडी असेल तर मॅटच शोभतं, यॉटला मात्र सॅटिन, म्हणजे मॅट आणि ग्लॉसच्या मधली हलकी चमक असलेलं वार्निश, घ्या. आणि आधी फळीच्या तुकड्यावर तोच रंग देऊन ट्राय कराच.