काटकसर करताय? मग निदान या चुका तरी टाळा

आमच्या नात्यात कुणाचं लग्न झालं किंवा कुणाला पहिली नोकरी लागली, की दोन-तीन महिन्यांत मला फोन येतो. "काकू, पैसे उरतच नाहीत हो. तुम्ही हिशेब कसा लिहिता?" मी १९९४ च्या पाडव्यापासून घरखर्चाची वही लिहिते, एवढीच माझी पात्रता. पण इतक्या वर्षांत इतक्या जणांच्या वह्या आणि मोबाईलमधली ॲपं बघून झालीत की समोरच्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत कळतं, गाडी कुठे अडलीय. नवी चूक कुणी करतच नाही. सगळे त्याच त्या चार-पाच करतात, आणि दर वेळी मीही तेच ते सांगते. म्हणून म्हटलं, एकदाच लिहून ठेवावं.

वहीचा थाटमाट

पहिल्या दिवशी सत्तावीस रकाने. कोरडा किराणा वेगळा, ओला वेगळा, करमणूक, 'स्वतःसाठी', चार रंगांची पेनं. अकराव्या दिवशी घरी पाहुणे येतात, दोन दिवस लिहायचं राहतं, मग ते दोन दिवस आठवत बसायचा कंटाळा येतो आणि वही रद्दीत जाते. माझ्या वहीत तीनच गोष्टी असतात : तारीख, कशाला, किती. रात्री जेवणं झाली, ओटा पुसला की लिहायचं. तीस-चाळीस रुपये जुळले नाहीत तर 'किरकोळ' लिहून मी झोपायला जाते. चाळीस रुपयांसाठी तासभर डोकं खाजवणारा माणूस पुढच्या महिन्यात लिहीत नाही, हे मी पाहिलंय.

आणि पहिले तीन महिने फक्त लिहा. काही कमी करू नका. हे सांगितलं की समोरचा नाराज होतो, कारण त्याला याच महिन्यात पाच हजार वाचवायचे असतात. कुठल्यातरी व्हिडिओत तीस दिवसांत आयुष्य बदलतं ना! अहो, तीस दिवसांत तर एक गणपती किंवा एक दिवाळीसुद्धा नीट पार पडत नाही. शाळेची फी जूनमध्ये, गाडीचा विमा वर्षातून एकदा, घरपट्टी तशीच. एका महिन्याच्या हिशेबात हे काहीच दिसत नाही. मग जून उजाडला की 'अचानक खर्च आला' म्हणायचं. जून दर वर्षी येतो. मी अशा सगळ्या खर्चांची बेरीज करून तिला बाराने भागते आणि तेवढे पैसे महिन्याच्या महिन्याला वेगळ्या खात्यात टाकते. बस्स.

स्वस्त मिळालं म्हणून भरून ठेवणं

या चुकीवर मी अधिकारवाणीने बोलू शकते, कारण ती मी केलीय.

साल २००९. आमच्याकडे वर्षाचा गहू एप्रिलमध्ये भरायची पद्धत. त्या वर्षी मी जरा शहाणपणा केला. मेच्या शेवटी भाव उतरतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून थांबले. खरंच उतरला. किलोमागे दीड रुपया. एक क्विंटल लोकवन घेतला, दीडशे रुपये वाचले, आणि मी घरात दोन दिवस तो आकडा ऐकवत फिरले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ऊन दाखव आधी." पण वळवाचे ढग जमायला लागले होते, गच्चीवर शेजारच्यांचे पापड पसरलेले, आणि गहू हाताला तर कोरडाच लागत होता. एका दुपारी तासभर पसरला, सर आली तसा गोळा केला आणि गरम गरमच कोठीत ओतला. वरून कडुनिंबाचा पाला टाकला. तोही ताजा, त्याच दिवशी तोडलेला.

गणपतीच्या आधी कोठीचं झाकण उघडलं तर आतून ऊब आली. हात घातला, तो वर आला पिठाने माखून. टोके किडे नुसते बुजबुजत होते. पुढचे चार दिवस चाळणं, पाखडणं, निवडणं. अडतीस किलो गहू कामातून गेला. थोडा एका ओळखीच्यांच्या कोंबड्यांना दिला, उरलेला फेकला. तेव्हाच्या सोळा रुपये भावाने सहाशे आठ रुपये. वाचवले होते दीडशे. वर सणाच्या दिवसांत चढ्या भावाने किरकोळ गहू आणला तो वेगळाच. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर कळलं ते असं. हाताला कोरडा लागला म्हणजे धान्य कोरडं नसतं. दाणा दाताखाली घ्यायचा. कट्कन फुटला पाहिजे, दबला तर ओल आहे. निदान दोन दिवस कडक ऊन द्यायचं आणि मग (इथेच सगळे घाई करतात) रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम धान्य बंद डब्यात गेलं की आत वाफ धरते, आणि किड्याला तेच हवं असतं. पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवून. ओला पाला म्हणजे आपल्या हाताने पाणी घालणं. मी हल्ली बिब्बे टाकते, तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवते. तांदळाला बोरिक पावडर लावणारे लावतात. मला ते पटत नाही, मी लावत नाही. पावसाळ्यात डबा उघडायचा तर ओल्या हाताने नाही, आणि त्यातलं भांडंसुद्धा कोरडंच. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

यातली खरी गोम किड्यांपेक्षा वेगळी आहे. भाव आपण घेतलेल्या किलोवर मोजतो, मोजायला हवा पोटात गेलेल्या किलोवर. शंभर किलोतले बासष्टच खाल्ले तर तो गहू मला साडेचौदाला पडलाच नाही, तेवीसच्या पुढे पडला. हेच गणित मॉलमधल्या 'दोनवर एक फ्री'ला लावा. तीन बाटल्या सॉस घेऊन तिसरी मुदत संपल्यावर बेसिनमध्ये ओतणारी घरं मला माहीत आहेत. एक तर माझंच होतं.

आता फ्लॅटमध्ये दोघं राहणारी मुलं मला विचारतात, वर्षाचं भरू का? नका भरू. गच्ची नाही, कोठी नाही, आठवड्यातले चार दिवस बाहेर जेवता. पंधरा दिवसांचं आणा आणि संपवा. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ दोनशे रुपयांवर गेली होती. तेव्हा आदल्या उन्हाळ्यात भरणाऱ्यांची चांदी झाली हे खरं. पण ज्यांच्याकडे वाळवायला जागा आणि निवडायला माणसं होती, त्यांची. नुसता पैसा असून भागत नाही.

पेट्रोल जाळून दोन रुपये वाचवणं

यावर काय लिहायचं. मेथीची जुडी कोपऱ्यावरच घ्या.

इकडे बचत, तिकडे कर्ज

हल्लीची चूक. ही पाहिली की माझा संताप होतो.

माझा भाचा पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. मुलगा सरळ, व्यसन नाही, दर महिन्याला न चुकता आरडी भरतो, ऐंशी हजारांची एफडी बाजूला ठेवलेली. एकदा दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "मावशी, क्रेडिट कार्डाचे हप्ते भरतोय, पण संपेनातच." मी म्हटलं, कागद दाखव. फ्रीज आणि मोबाईल मिळून साठ हजारांचं बिल. खाली दोन आकडे : एकूण देय साठ हजार, किमान देय तीन हजार. याने तीन हजार म्हणजे हप्ता समजून आठ महिने किमान रक्कमच भरली होती.

मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. त्याच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. साठ हजारांवर एकवीसशे रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी तीनशे अठ्ठ्याहत्तर. तीन हजारांतून हे गेले की उरतात पाचशे बावीस. मुद्दल फिटलं ते एवढंच. आठ महिन्यांत त्याने तेवीस हजारांच्या वर भरले होते आणि साठ हजारांचे झाले होते जेमतेम छप्पन्न हजार. बरं, त्याने मध्ये कार्डावर नवीन काही घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर त्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळाले नसते. जुनी बाकी असली की नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

"मग एफडी कशाला ठेवलीस?" "अडीअडचणीला." अरे, ही कोण मग? एफडीवर वर्षाला सात टक्के घेतोस आणि कार्डावर वर्षाला बेचाळीस देतोस! डाव्या खिशात सात घालायचे, उजव्या खिशातून बेचाळीस काढायचे, आणि वर बचत करतो म्हणून सांगायचं. दुसऱ्या दिवशी मोडायला लावली. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज एक टक्का कमी मिळालं, तर त्याचीच त्याला हळहळ! दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. लोकांना एफडी मोडणं म्हणजे घरातला देव विकल्यासारखं वाटतं, आणि कर्ज मात्र दिसत नाही, कारण ते कार्डाच्या मागे असतं.

माझी सवय सांगते, पद्धत वगैरे काही नाही : कार्डाचं बिल पूर्ण भरता येणार असेल तरच कार्ड बाहेर काढायचं. 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यालाही मी आधी दोन प्रश्न विचारते. रोख दिले तर किती कमी कराल? आणि प्रोसेसिंग फी किती? पहिल्या प्रश्नावर दुकानदार गप्प झाला की व्याज कुठे लपलंय ते कळतं.

मोबाईलचा चार्जर

विजेच्या काटकसरीत लोक चुकीच्या बटनामागे लागतात. आमच्या एक ओळखीच्या बाई घरभर फिरून चार्जरची बटनं बंद करतात. नुसता लावून ठेवलेला चार्जर महिनाभरात पाव युनिटसुद्धा खात नाही. त्याच बाईंच्या घरी दोन हजार वॅटचा गीझर आंघोळीनंतर अर्धा-अर्धा तास तसाच चालू. पाणी तापून तो आपला बंद पडतो म्हणतात. पडतो, आणि गार झालं की परत लागतो. बंद करायचं तर ते बटन करा. जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा दिवसाला बारा तास चालत असेल तर महिन्याला सत्तावीस युनिटं घेतो, तीस वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा नवा पंखा) अकराच्या आत. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांपर्यंतचा दर वेगळा, एकशे एकपासून तीनशेपर्यंतचा वेगळा आणि बराच चढा. शंभराच्या आसपास घुटमळणाऱ्या घराला ही सोळा युनिटं चांगलीच जाणवतात.

लपवून ठेवणं

नवऱ्यापासून, सासूपासून, स्वतःपासून. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, नोटबंदी जाहीर झाली तेव्हा, आमच्या घरी पापडांच्या डब्यातून पाचशेच्या चौदा नोटा निघाल्या. कुणाच्या ते लिहीत नाही, त्या आता नाहीत. सात हजार. त्यातल्या काही तर इतक्या वर्षांपूर्वीच्या की त्यांना पापडखाराचा वास लागलेला. बँकेत भरायला रांगेत मी उभी राहिले. पोस्टात शंभर रुपये महिन्याची आरडीसुद्धा चालते. डब्यात किरकोळीपुरतेच ठेवा.

फोनवरून पैसे देणाऱ्यांचं उलटं. ते लपवत नाहीत, पण त्यांना दिसतही नाहीत. चहाचे वीस, रिक्षाचे चाळीस, कुणाला काही वाटत नाही. मी सोमवारी मंडईचे पैसे रोख काढते आणि ते संपले की शनिवारी पिठलं करते. पुतणीने हे ऐकून "काकू, किती जुनाट!" म्हटलं. असेल.

तिचाच परवा फोन आला. मे संपत आलेला, कुठेतरी सेल लागलेला. "काकू, गहू मस्त स्वस्त मिळतोय, पन्नास किलो घेऊन टाकू का?"

मी विचारलं, "गच्ची कुणाची?"

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाली, "पाच किलो आणते."