डॅनिश सागवानी फर्निचर: या चुका टाळा

सागवान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आजोबांच्या काळातले भरीव कपाट उभे राहते, जे सुताराने कितीदाही घासून पॉलिश केले तरी बिघडत नाही. १९५० आणि ६०च्या दशकांत डेन्मार्कमध्ये बनलेल्या साइडबोर्डला (भिंतीलगत ठेवायच्या लांबट, बुटक्या कपाटाला) हा हिशेब लागू पडत नाही. त्याचे पाय आणि कडेच्या पट्ट्या बहुधा भरीव असतात. परंतु वरची फळी, बाजू आणि दारे यांवर सागाचे जेमतेम मिलिमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही पातळ विनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा असतो आणि आत ब्लॉकबोर्ड किंवा चिपबोर्ड, म्हणजे लाकडी पट्ट्या किंवा तुकडे चिकटवून केलेली फळी. यात फसवणूक काहीच नाही, कारण रुंद फळी वाकू नये आणि रेषा जुळाव्यात म्हणून ते जाणीवपूर्वक तसे बनवले जाई.

युरोपात नोकरी करणाऱ्या एका परिचिताने असा साइडबोर्ड जुन्या बाजारातून आणला. दोष एवढाच, की वर पेल्यांचे पांढरट गोल डाग होते. त्याने भाड्याने सँडर (लाकूड घासायचे यंत्र) आणून ८० नंबरचा खरखरीत पेपर चढवला. डाग गेले, पण कडेजवळ आतले फिकट लाकूड उघडे पडले; ते झाकण्यासाठी त्याने गडद स्टेन (लाकडात मुरणारा रंग) फासला, तो दोन्ही लाकडांनी निरनिराळा शोषला आणि ठिगळ अधिकच उठून दिसू लागले. मग मला फोन! आता पूर्ण फळीला नवे विनियर लावण्यावाचून इलाज नव्हता. यंत्र हाती आले की घाई करणाऱ्यांना कोण आवरणार?

मी आधी सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसतो आणि लाकूड पूर्ण वाळू देतो. मग ०००० नंबरची स्टील वूल (अतिशय बारीक पोलादी तंतूंची लोकर) टर्पेंटाइनमध्ये बुडवून रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवतो, तेलाचा पातळ हात देतो आणि पंधरा मिनिटांनी उरलेले तेल पुसून काढतो. पांढरे डाग बहुतेक वेळा एवढ्यावरच जातात. तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नयेत. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून ती बाहेर पसरून वाळवावीत.

दिसेल त्या लाकडाला तेल पाजण्याची हौसही अशीच नडते. ओक आणि बीचच्या अनेक डॅनिश खुर्च्यांना केवळ साबणाच्या पाण्याचा हात दिलेला असतो. त्यांवर तेल चोळले की तो फिकट रंग पिवळटतो आणि घासल्याशिवाय परत येत नाही.

सैल सांध्यात स्क्रू ठोकू नये. सांधा उघडून जुना सरस खरवडावा आणि मगच नवा लावावा. सिलिकॉनचा चकाकी स्प्रे घरात आणूच नये. डॅनिश रचनाकार हान्स वेग्नर यांच्या १९४९च्या विशबोन खुर्चीच्या बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते. ती सुटली तर नायलॉनने भागवू नये.

सागवानी नव्हे तर ब्राझिलियन शिसवीची डॅनिश वस्तू भारतात आणायची असेल, तर ती पाठवण्यापूर्वी परवान्याची चौकशी करावी, कारण १९९२ पासून त्या लाकडावर साइट्स कराराचे (धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचे) सर्वांत कडक निर्बंध आहेत.