नव्वदच्या दशकातील गिटारचा नाद आणि पहिला अल्बम : या चुका टाळा

गेली काही वर्षे नाशिकमधील तरुण बँडची गाणी मिक्ससाठी, म्हणजे प्रत्येक वाद्याचे ट्रॅक (स्वतंत्र ध्वनिमुद्रणे) एकत्र जुळवण्यासाठी, माझ्याकडे येत आहेत. त्यांतील बऱ्याच जणांना पहिल्या अल्बममध्ये नव्वदच्या दशकातील गिटार हवी असते, म्हणजे कडव्यात एकटीच हळू वाजणारी आणि ध्रुवपद आले की भिंतीसारखी उभी राहणारी. ही ओढ मला मनापासून आवडते, कारण याच नादामुळे मी स्वतः गिटार हातात घेतली. मात्र सोबत येणाऱ्या चुका इतक्या सारख्या असतात की आता त्यांचा थकवा येतो. त्यांतील दोन चुका मिक्समध्ये सुधारता येत नाहीत आणि गाणे पुन्हा वाजवावे लागते, म्हणून त्यांविषयी सविस्तर लिहितो.

पहिली चूक भिंत उभारण्याच्या घाईतून होते. आडगावकडच्या चार मुलांनी नऊ गाणी घरीच ध्वनिमुद्रित करून आणली होती. गाणी चांगली होती आणि हेडफोनवर ध्रुवपदेही भव्य वाटत होती. मी तोच मिक्स फोनच्या एका स्पीकरवर लावला, तेव्हा ध्रुवपद सुरू होताच गिटार पोकळ झाली आणि कडव्यापेक्षाही बारीक ऐकू येऊ लागली. विचारल्यावर कळले की प्रत्येक गाण्यात गिटार एकदाच वाजवली होती. तिची प्रत काढून ती १५ मिलिसेकंद पुढे सरकवली होती आणि मूळ ट्रॅक डावीकडे, प्रत उजवीकडे ठेवली होती. दोन्ही ट्रॅक एकत्र येतात तेव्हा असे सरकवलेले दोन जुळे आवाज ठरावीक कंप्रतांवर एकमेकांना खोडतात. १५ मिलिसेकंदांच्या अंतराने पहिला खड्डा सुमारे ३३ हर्ट्झवर पडतो, दुसरा १०० वर, आणि पुढे दर ६७ हर्ट्झला एक याप्रमाणे ते वरपर्यंत पडत जातात. गिटारचे सगळे अंगच त्या खड्ड्यांत जाते. एखादा प्लगइन लावून हे निस्तरता येईल का, असे त्यांनी तीनदा विचारले. येत नाही. नऊच्या नऊ गाण्यांच्या ध्रुवपदांतील गिटार पुन्हा वाजवावी लागली आणि त्यात संपूर्ण दिवाळीची सुट्टी गेली.

याला उपाय एकच आहे : दुसरा थर दुसऱ्यांदा वाजवायचा. हात दोन वेळा अगदी सारखा पडत नाही, आणि त्या सूक्ष्म फरकामुळेच आवाज रुंद होतो. निर्वाणा बँडच्या १९९१ च्या 'नेव्हरमाइंड' अल्बमच्या वेळी निर्माते बुच व्हिग यांनी गायक-गिटारवादक कर्ट कोबेनला थर पुन्हा वाजवायला राजी करण्यासाठी बरीच मनधरणी केली होती. त्या अल्बमचा भरदारपणा त्या कष्टातून आला आहे. व्हिग यांच्याच हाताखाली १९९३ मध्ये झालेल्या स्मॅशिंग पम्पकिन्स बँडच्या 'सायमीज ड्रीम'मध्येही गिटारचे थरावर थर आहेत आणि ते वाजवून चढवलेले आहेत. दुसऱ्या टेकला (वाजवण्याच्या फेरीला) मी गिटार बदलायला सांगतो, आणि दुसरी गिटार नसेल तर निदान पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) बदलायला सांगतो. प्रत्येक टेकआधी ट्यूनरवर सहाही तारा पुन्हा तपासतो. वादकांना याचा कंटाळा येतो, पण मी हा नियम मोडत नाही.

थर चढवायचे असतील तर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) कमी ठेवावे लागते, आणि हे सांगितले की नवशिक्यांचा चेहरा उतरतो. पेडलचा गेन (डिस्टॉर्शन किती हवे ते ठरवणारे बटण) शेवटपर्यंत फिरवला की एकटी गिटार खोलीत जबरदस्त वाटते. परंतु डिस्टॉर्शन आवाज दाबून सपाट करते, त्यामुळे पिकचा आघात हरवतो आणि हळू वाजवणे व जोरात वाजवणे यांतील अंतरही हरवते. नव्वदच्या दशकातील गाण्यांचा तर तोच प्राण आहे. असे चार थर एकावर एक ठेवले की कॉर्डमधील स्वर वेगळे काढता येत नाहीत आणि केवळ घरघर उरते. एकट्या गिटारसाठी जेवढा गेन योग्य वाटतो, त्याच्या साधारण निम्म्यावर मी थरांचे ध्वनिमुद्रण सुरू करतो. उरलेला खरखरीतपणा बेसला दिला की एकूण आवाज अधिक जड वाटतो. काही जण माय ब्लडी व्हॅलेंटाइन बँडच्या १९९१ च्याच 'लव्हलेस'चा दाखला देऊन शेकडो ट्रॅकची गोष्ट सांगतात. त्या अल्बममधील तरंगणारा आवाज मुख्यतः त्या बँडचे गिटारवादक केव्हिन शील्ड्स यांच्या हातातून आला आहे, कारण ट्रेमोलोचा (तारांचा ताण बदलून स्वर हलवणारा) दांडा हातात धरून तो सतत हलवत ते कॉर्ड वाजवत होते. ही लकब सरावाने येते, विकत मिळत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे गुणगुण चालवून घेणे. या नादासाठी मुले जॅझमास्टर किंवा मस्टँगच्या धर्तीची गिटार घेतात. तिचे सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप विजेची ५० हर्ट्झची गुणगुण सहज पकडतात आणि डिस्टॉर्शन ती कित्येक पटींनी वाढवते. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात सराव करणाऱ्या बँडने तिथेच चार गाणी ध्वनिमुद्रित केली होती. शेजारच्या गाळ्यातील यंत्रे सुरू असताना प्रत्येक थरात गुणगुण शिरली होती, आणि आठ थर मिळून ती शांत कडव्यांच्याही वर येत होती. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) लावला की ओढलेले स्वर मध्येच तुटत होते. मी स्वतः तिथे गेलो, तेव्हा ॲम्पच्या तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन कोणीतरी काढून टाकलेली दिसली. असे कधीही, कोणत्याही कारणाने करू नये. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर गिटारच्या तारांमधून विजेचा धक्का बसतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. आम्ही आधी प्लग बदलला, इलेक्ट्रिशियनकडून गाळ्याचे अर्थिंग तपासून घेतले, सगळी उपकरणे एकाच बोर्डवर आणली आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, यंत्रे बंद असताना, पुन्हा वाजवले.

घरी गुणगुण येत असेल तर गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू फिरावे. एखाद्या दिशेला आवाज कमी झाला तर पिकअप आसपासचे चुंबकीय क्षेत्र पकडत आहेत असे समजावे. त्या दिशेला तोंड करूनच वाजवावे आणि संगणकापासून दूर बसावे. तारांना हात लावताच आवाज कमी होत असेल तर गिटारच्या आतील शिल्डिंग (बाहेरची गुणगुण अडवणारे अस्तर) कमी पडते आहे, आणि तांब्याची चिकटपट्टी लावून ते पुष्कळ सुधारते. लोडशेडिंगमध्ये साध्या इन्व्हर्टरवर ध्वनिमुद्रण करू नये, कारण त्याची चौकोनी लहर थेट ट्रॅकमध्ये ऐकू येते.

बाकीच्या चुका लहान आहेत. जुन्या तारांवर अल्बम करू नये. खालच्या ट्युनिंगला ०.००९ इंचाच्या पातळ तारा आघातासरशी चढ्या बोलतात, म्हणून ०.०१० किंवा ०.०११ चा संच लावावा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर जुळत नसतील तर ध्वनिमुद्रणाआधी ब्रिज दुरुस्त करून घ्यावा, आणि आपल्याकडे पावसाळा सुरू होताना व संपताना ही तपासणी पुन्हा करावी, कारण दमट हवेत लाकूड फुगते आणि गिटारची मान हलते. माइक स्पीकरच्या अगदी मध्यावर रोखला की आवाज कर्कश येतो; मी तो मध्यापासून दोन बोटे बाजूला सरकवतो. २४ बिटवर ध्वनिमुद्रण करताना पातळी शून्याला भिडवण्याची गरज नाही, उणे १२ डेसिबलच्या आसपासची शिखरे पुरेशी आहेत. मास्टर (गाण्याची अंतिम प्रत) फार दाबून मोठा करण्यातही अर्थ नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला तो उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाच्या एककाच्या) आसपास आणूनच वाजवते, आणि दाबून टाकलेले चढउतार मात्र परत येत नाहीत.

सराव अर्धवट सोडून ध्वनिमुद्रणाला बसणे ही घाईच असते. निर्वाणाच्या 'इन युटेरो'चे ध्वनिमुद्रण १९९३ च्या फेब्रुवारीत ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांच्याकडे सुमारे दोन आठवड्यांत उरकले, हे मुले मला उत्साहाने सांगतात. पण तो बँड गाणी पाठ करून आला होता, हे सांगायचे राहून जाते. क्लिकवर (ठरावीक लयीच्या टिकटिकीवर) संपूर्ण गाणे तीन वेळा न अडखळता वाजेपर्यंत मी माइक लावत नाही.

आणि नाशिकमध्ये ध्वनिमुद्रणाच्या तारखा ठरवताना ढोलपथकांचा सराव लक्षात ठेवावा. गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी ढोलाचा खालचा आवाज भिंती पार करून माइकपर्यंत पोहोचतो. त्या काळात मी सकाळी अकरा ते चार या वेळेत ड्रम आणि गायन घेतो, आणि संध्याकाळी माइक न लावता थेट इंटरफेसमध्ये (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या उपकरणात) जोडून बेस आणि गिटार वाजवून घेतो.