देवाची इच्छा ओळखायची असेल तर वहीपासून सुरुवात करावी

आपल्या आयुष्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न घेऊन कितीतरी माणसे जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत गुडघे टेकतात आणि जशी गेली तशीच परत येतात, कारण पुढच्या वीस वर्षांची वाट एकदम दिसावी अशी त्यांची अपेक्षा असते. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात प्रभू येशू वेगळा क्रम सांगतात: देवाच्या इच्छेप्रमाणे वागण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच ही शिकवण कोणाकडून आली आहे ते उमजेल. म्हणून कळलेली एखादी लहान आज्ञा आजच पाळावी, हाच या शोधाचा खरा आरंभ होय.

त्यासाठी एक साधी वही घ्यावी आणि घरातली वर्दळ सुरू होण्यापूर्वी पंधरा मिनिटे शुभवर्तमान वाचावे. मार्कचे शुभवर्तमान सोळाच अध्यायांचे असल्यामुळे आरंभाला ते बरे पडते. एका वेळी एकच प्रसंग, तोही मोठ्याने आणि आपल्या भाषेत वाचावा. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूर येथे छापले गेले, तेव्हा गोव्यात ख्रिस्तकथा मराठीतून कानांवर पडणे ही चारशे वर्षांची जुनी गोष्ट आहे.

वाचून झाल्यावर त्यातले जे वाक्य मनाला टोचले असेल, त्यावरून आज करायचे एक काम माणसाच्या नावासह आणि वेळेसह लिहावे. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ असे लिहिले तर संध्याकाळी तपासायला काहीच उरत नाही; ‘दुपारच्या जेवणाआधी थोरल्या वहिनीला फोन करीन’ असे लिहिले की पळवाट राहत नाही.

वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याची मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील आज्ञा माझ्या वाचनात आली, तेव्हा हद्दीवरच्या एका माडावरून थोरल्या चुलतभावाशी माझे बोलणे चार वर्षे बंद होते. त्याचे नाव मी दोनदा लिहून खोडले. संध्याकाळी हद्दीवरच्या दगडी गडग्याशी गेलो, तर तो पहारीवर नारळ सोलत होता. “दादा, चूक माझी होती,” एवढेच मी म्हणालो. त्याने मान वर केली नाही. हातातला नारळ सोलून होताच तो गडग्यावर माझ्या बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला. त्या रात्री स्वर्गीय पित्याच्या प्रार्थनेतील क्षमेचे वाक्य म्हणताना कित्येक वर्षांनी माझी जीभ अडखळली नाही.

संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होण्यापूर्वी वही पुन्हा उघडून काम झाले की राहिले, एवढेच नोंदवावे. राहिले असेल तर स्वतःला कोसत बसू नये, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा लिहावे. जे वारंवार टळते ते पापनिवेदनाच्या वेळी, ज्याला आपण घरी कुमसार म्हणतो, धर्मगुरूंपुढे मोकळेपणाने मांडावे.

कधी कधी आज्ञापालन आपल्या मनातील ओढीच्या आड येते, आणि तिथेच पुष्कळजण खचतात. बाणावलीत 1651 साली जन्मलेल्या संत जोसेफ वाझ यांचे मन श्रीलंकेकडे लागले होते, कारण डच अमलाखाली तेथील कॅथलिक धर्मगुरूंवाचून राहिले होते. परंतु 1681 साली त्यांना कानडा प्रांतात, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, पाठवण्यात आले. ते गेले आणि तिथे मनापासून राबले. श्रीलंकेत पाऊल ठेवायला त्यांना 1687 साल उजाडावे लागले, तेही मजुराच्या वेषात. पुढे कँडीत पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकले गेले, आणि त्याच शहरात 1697 च्या देवीच्या साथीत त्यांनी लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा केली. कानड्यातील ती वर्षे वाया गेली, असे मला कधीच वाटत नाही.

मात्र देवाचे नाव घेऊन सांगणाऱ्या प्रत्येकाचे ऐकणे म्हणजे आज्ञापालन नव्हे. जे सांगणे शुभवर्तमानाशी जुळत नाही, ज्यात दया नाही किंवा जे घरच्यांपासून लपवावे लागते, ते निःशंकपणे नाकारावे.

तीन महिन्यांनी सारी वही एका बैठकीत वाचावी. कोणत्या प्रकारची माणसे आणि कामे पुन्हा पुन्हा आली आहेत, ते पाहून एखाद्या जाणत्या माणसाशी बोलावे आणि त्यांतले एक काम वर्षभर नेमाने पत्करावे. माझ्या वहीत आजारी शेजाऱ्यांची नावे सर्वांत जास्त निघाली. तेव्हापासून दर शुक्रवारी मी अंथरुणाला खिळलेल्या तीन वृद्धांच्या घरी शुभवर्तमान वाचायला जातो. त्यांतल्या एका आजींना कमी ऐकू येते, म्हणून त्यांच्या उशाशी बसून एकेक ओळ सावकाश, मोठ्याने वाचावी लागते, आणि एखादी ओळ आवडली की त्या माझे मनगट धरून ती पुन्हा वाचायला लावतात.