मुलाला मित्राच्या घरी पाठवताय? बंदुकीचं विचारून घ्या

अमेरिकेत राहणारे मराठी आईबाप मुलाला प्लेडेटला पाठवण्याआधी बरंच काही विचारून घेतात. बीफ देऊ नका, नट्सची ॲलर्जी आहे, तुमचा कुत्रा अंगावर येतो का, मागे स्विमिंग पूल आहे का. घरात बंदूक आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याचं कारण उघड आहे. आपल्याकडे बंदूक म्हणजे पोलीस, बँकेचा वॉचमन, नाहीतर एखादा पुढारी. परवान्याची असली तरी निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला लावतात. शेजारच्या घरात पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये भरलेलं पिस्तूल असेल, हे डोक्यातच येत नाही.

तिथे ते डोक्यात यायला हवं. प्यू या संशोधन संस्थेच्या 2023 च्या पाहणीत दहापैकी साधारण चार प्रौढांनी आपल्या घरात बंदूक असल्याचं सांगितलं. 2003 ते 2021 या काळात चुकून गोळी लागून दगावलेल्या 1,262 मुलांच्या नोंदी सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने तपासल्या. त्यातले 85 टक्के मृत्यू घरातच झाले होते. बंदूक कशी ठेवली होती हे जिथे कळलं, तिथे बहुतेक वेळा ती भरलेली आणि बिनकुलपाची होती. सगळ्यांत मोठा वाटा 11 ते 15 वर्षांच्या मुलांचा होता, तेव्हा ‘आमचा आता मोठा झालाय’ यावर विसंबू नका.

आधी विचारा, तेही मेसेजवर

दारात उभं राहून विचारायला अवघड वाटतं, समोरच्यालाही उत्तर सुचत नाही. आदल्या दिवशी वेळ ठरवतानाच, ॲलर्जीच्या ओळीला जोडून विचारा: ‘त्याला शेंगदाणे चालत नाहीत. आणि एक गोष्ट आम्ही सगळ्यांनाच विचारतो, घरात बंदूक असेल तर ती रिकामी करून कुलपात ठेवलेली असते ना?’ यातलं ‘सगळ्यांनाच’ महत्त्वाचं, त्याने समोरच्यावर संशय घेतल्यासारखं होत नाही. प्रश्न बंदूक असण्याबद्दल नाही, ती ठेवण्याबद्दल आहे. बंदूक बाळगावी की नाही हा वाद तिथे काढू नका. जो माणूस बंदूक नीट ठेवतो, तो या प्रश्नाने सहसा चिडत नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा पालकांना हेच विचारायला सांगते, आणि 21 जून हा दिवस खास या प्रश्नासाठी पाळला जातो. कुणी वाईट वाटून घेतलंच तर घेऊ द्या.

उत्तर नीट ऐका

‘वरच्या कपाटात आहे, मुलांना माहीत नाही’ हे उत्तर चालणार नाही. दिवाळीचा फराळ कुठल्या डब्यात दडवलाय हे पोरांना कळतं, तसंच हेही कळतं. ‘मॅगझिन (पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) काढून ठेवलंय’ हे तर त्याहून फसवं. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीच्या मागच्या चेंबरमध्ये राहू शकते, आणि बऱ्याच पिस्तुलांमधून ती तशीच सुटते. हवं ते उत्तर एकच: बंदूक रिकामी आणि कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली किंवा कोड मुलांना माहीत नाही.

उत्तर मनासारखं मिळालं नाही तर भांडू नका. ‘मग या वेळी आमच्याकडेच खेळू दे’ म्हणा, किंवा पार्कमध्ये भेटा. रात्री राहायला, म्हणजे स्लीपओव्हरला मात्र स्पष्ट नाही म्हणा. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा. दुपारी नातवाला शेजारी सोडणारे तेच असतात.

मुलाला शिकवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका

‘बंदूक दिसली तर हात लावू नको, खोलीतून बाहेर पड, मोठ्या माणसाला सांग’ हे मुलांना जरूर शिकवा. खेळण्यातली वाटली तरी हाच नियम, हेही सांगा. पण अटलांटात झालेला आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लक्षात ठेवा. 8 ते 12 वर्षांच्या मुलग्यांना दोघातिघांच्या गटाने एका खोलीत बसवलं. ड्रॉवरमध्ये खरं, पण गोळी सुटणार नाही असं केलेलं पिस्तूल होतं. 29 पैकी 21 गटांना ते सापडलं, 16 गटांनी हाताळलं, 10 गटांत कुणीतरी ट्रिगर ओढला. हाताळणाऱ्या जवळपास सगळ्यांना बंदुकीबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. मला विचाराल तर कुलूप हा मोठ्यांचा विषय आहे, मुलांच्या शहाणपणाचा नाही.

तुमच्याच घरात बंदूक असेल तर

आता मराठी घरांतही कुणी शिकारीच्या हौसेने, कुणी दुकान चालवतो म्हणून बंदूक घेतं. अशांनी केबल लॉक, म्हणजे बंदुकीतून ओवायचं तारेचं कुलूप, लावायला शिकावं. पिस्तूल असेल तर मुलं घरात नसताना, नळी कुणाच्याही दिशेने नाही अशी धरून आधी मॅगझिन काढा. मग वरचा सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. रिकामं आहे याची खात्री झाली की केबल स्लाइड मागे ओढल्यावर वर उघडणाऱ्या खिडकीतून आत घालून मुठीतल्या मॅगझिनच्या पोकळीतून खाली काढा आणि कुलूप लावा. अशी कुलपं अनेक पोलीस ठाण्यांतून फुकट मिळतात. केबल लावल्यावरही बंदूक सेफमध्येच ठेवा.

बोटाच्या ठशावर उघडणारी स्वस्त सेफ घेताना जपून. 2023 मध्ये अशा हजारो सेफ बाजारातून परत मागवाव्या लागल्या, कारण त्या कुणाच्याही बोटाने उघडत होत्या. किल्लीची किंवा आकड्यांच्या कोडची सेफ बरी, फक्त कोड मुलाची जन्मतारीख नको.

पर्समध्ये पिस्तूल ठेवणाऱ्यांनी अंगावरून पर्स काढली की पिस्तूल लगेच सेफमध्ये टाकावं. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहोतल्या हेडन गावात दुकानात ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाचा हात आईच्या पर्समधल्या पिस्तुलाला लागला, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. मंडळाच्या गणपतीला किंवा पॉटलकला सगळ्यांच्या पर्सेस एकाच पलंगावर पडतात आणि मुलं तिथेच उड्या मारतात. यजमानांनी निमंत्रणातच लिहावं: बंदूक घरी ठेवून या. तेही नाही जमलं तर पर्सेस वेगळ्या खोलीत ठेवून दाराला कुलूप लावा.