चढाईपटूचा प्रशिक्षक होताना

कबड्डी खेळणं थांबवून सांगली-इस्लामपूरकडच्या एखाद्या मंडळात शिकवायला उभे राहिलात, की स्वतः चढाई करून दाखवायची खोड आधी मोडा. मुलं टाळ्या वाजवतात, शिकत काहीच नाहीत. शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन कडेला थांबा.

मैदान टेपने मोजूनच आखा. पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. अंदाजाने आखलं तर पावलांचा हिशेब चुकीचा बसतो आणि मॅटवर गेल्यावर चढाईपटू निदान रेषा न ओलांडताच परत फिरतो. तो बाद.

पकडीची सुरुवात कोपरारक्षकापासून, म्हणजे कोपऱ्यात उभ्या बचावपटूपासून. घोटा धरायला तो हमखास घाई करतो. चढाईपटूचा भार पुढच्या पायावर आल्यावरच हात घालायचा. शेजाऱ्याने साखळी, म्हणजे धरलेला हात, सोडली तर चांगली पकडही सुटते. आधी चालत्या वेगात दहादा, मग ३० सेकंदांच्या पूर्ण चढाईत. मातीवर खडे वेचून पाणी शिंपडा. गुडघे फुटले की मुलं झेपच टाकत नाहीत.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा मात्र लवकर करा. प्रशिक्षकपदाच्या जाहिरातींत तो बहुधा मागतात, पदकं कितीही असोत.