कमी कर्बोदकांचा आहार: वजन उतरवताना या चुका टाळा

गेली अठरा वर्षे मी वजन कमी करू इच्छिणाऱ्या माणसांच्या आहाराच्या नोंदवह्या वाचत आले आहे, आणि कर्बोदके कमी करण्याच्या बाबतीत त्या वह्यांत त्याच त्या चुका इतक्या वेळा दिसतात की त्या एकदा सविस्तर लिहून काढणे मला आवश्यक वाटते. मी या आहाराच्या विरोधात नाही. योग्य माणसाने, योग्य तयारीने केला तर तो उपयोगी पडतो. भूक आटोक्यात येते, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबीचा एक प्रकार) सहसा उतरतात आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तातील साखर लवकर सुधारते. परंतु जी माणसे तो अर्धवट सोडून देतात, त्यांतील बहुतेकांचा घात आहाराने केलेला नसतो. तो त्यांच्या घाईने केलेला असतो.

पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. ‘लो कार्ब’ म्हणजे दिवसाला नेमकी किती कर्बोदके, हे न ठरवताच लोक सुरुवात करतात. साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहाराला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात, तर कीटो आहारात हे प्रमाण २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली येते आणि शरीर चरबीपासून तयार होणाऱ्या कीटोन्सवर मोठ्या प्रमाणात चालू लागते. या दोहोंचे फायदे, त्रास आणि धोके सारखे नाहीत. सोमवारी ३० ग्रॅम, गुरुवारी १५० ग्रॅम आणि रविवारी मोजमापच नाही, अशा आठवड्यातून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. कीटो आहाराचे मूळही लक्षात ठेवावे: तो १९२१ मध्ये मेयो क्लिनिकमधील डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला होता. उपचार म्हणून घडवलेल्या आहाराकडे उपचाराइतक्याच काळजीने पाहावे, असे माझे मत आहे.

पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर विश्वास ठेवणे

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण ती आनंदाच्या रूपात येते. आपले शरीर यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, साठवते, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. कर्बोदके एकदम कमी केली की हा साठा वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचे पाणी बाहेर पडते. शिवाय इन्सुलिनची पातळी उतरल्यामुळे मूत्रपिंडे जास्त सोडियम बाहेर टाकतात आणि त्या मिठामागोमागही पाणी जाते. म्हणून पहिल्या आठ-दहा दिवसांत काटा दोन-तीन किलोंनी खाली सरकतो. त्यातील चरबी थोडीच असते.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक बाई माझ्याकडे येत असत. पहिल्या नऊ दिवसांत त्यांचे वजन ३.४ किलो उतरले. त्या अतिशय आनंदात होत्या, आणि त्या दिवशी मीही त्यांना शाबासकी दिली. ती माझी चूक होती, कारण त्या शाबासकीने त्यांच्या मनात आठवड्याला तीन किलो हे माप पक्के बसले. पुढच्या तीन आठवड्यांत वजन आणखी ९०० ग्रॅम उतरले. ही चरबी खरी होती, ही प्रगती चांगली होती, पण त्यांना वाटले की आहाराने काम करणे थांबवले आहे. मला न विचारता त्यांनी कर्बोदके आणखी कमी केली, रात्रीचे जेवण सोडले, आणि पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी, थकलेल्या आणि भुकेल्या अवस्थेत, त्यांनी पाव आणि गोड पदार्थ पोटभर खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर १.८ किलो वाढलेले दिसले. त्यांनी मला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या, आणि त्यानंतर सात महिने त्या आल्याच नाहीत.

त्या सकाळी मी त्यांच्यासमोर असते तर एक हिशेब मांडून दाखवला असता. एक किलो चरबीच्या ऊतीत साधारण ७७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. म्हणजे एका रात्रीत १.८ किलो चरबी वाढण्यासाठी खर्चापेक्षा जवळजवळ १४,००० किलोकॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या, आणि ते कोणालाही शक्य नाही. प्रत्यक्षात स्नायूंनी आणि यकृताने रिकामा झालेला साठा भरून घेतला होता, ३०० ग्रॅम ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबरचे ९०० ग्रॅम पाणी एवढ्यानेच सव्वा किलोच्या आसपास वजन येते, आणि उरलेले मिठाने धरून ठेवलेले पाणी व पोटातील अन्न होते. जे गमावले असे त्यांना वाटले, ते मुळात कमावलेलेच नव्हते.

त्या प्रसंगानंतर मी माझी पद्धत बदलली. पहिल्या चौदा दिवसांचे वजन मी वहीत वेगळ्या पानावर लिहायला सांगते आणि प्रगती पंधराव्या दिवसापासूनच मोजते. वजन रोज सकाळी एकाच वेळी घ्यावे, पण पाहायची ती सात दिवसांची सरासरी. एकट्या दिवसाच्या आकड्याला काहीही अर्थ नसतो, आणि स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीपूर्वी साठणारे पाणी तर दोन आठवड्यांचे चित्र सहज झाकून टाकते. पंधरा दिवसांतून एकदा त्याच टेपने बेंबीच्या पातळीवर कंबर मोजावी. कुणी सातव्या दिवशी ‘तीन किलो गेले’ म्हणून सांगितले तर आता मी अभिनंदन करत नाही. पाणी गेले आहे असे स्पष्ट सांगते, मग समोरचा थोडा हिरमुसला तरी चालेल.

‘इन्सुलिन उतरले की कितीही खाल्ले तरी चालते’

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा उगम शोधण्याचा नाद मी सोडला आहे. कर्बोदके कमी केल्यावर पुष्कळांचे खाणे आपोआप कमी होते हे खरे आहे: साखर आणि मैद्याचे पदार्थ बाहेर जातात, प्रथिने वाढतात, प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते, आणि ती पचवण्यातच त्यांच्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग खर्च होतो. पण वजन उतरते ते कमी खाल्ल्यामुळे. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० प्रौढांना अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ठेवून प्रत्येकाला दोन आठवडे अतिशय कमी कर्बोदकांचा आणि दोन आठवडे अतिशय कमी स्निग्धांशाचा आहार हवा तितका खाऊ दिला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी स्निग्धांशाच्या आहारावर जेवणानंतरचे इन्सुलिन जास्त असूनही माणसांनी दिवसाला जवळजवळ ६९० किलोकॅलरी कमी खाल्ल्या. दोन आठवड्यांच्या अभ्यासावरून कमी कर्बोदकांचा आहार निरुपयोगी ठरत नाही, आणि त्या आहारावरही माणसांचे वजन उतरलेच होते. परंतु इन्सुलिन उतरले की ऊर्जेचा हिशेब बंद होतो, ही समजूत त्यापुढे टिकत नाही.

एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात नऊ किलोकॅलरी असतात, कर्बोदकांत आणि प्रथिनांत चार. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी, आणि शंभर ग्रॅम बदाम म्हणजे जवळजवळ ६०० किलोकॅलरी. बदाम वाटीत मोजून घ्यावेत, बरणीतून थेट खाऊ नयेत. कॉफीत लोणी घालण्याच्या पद्धतीविषयी मला इतकेच म्हणायचे आहे की वजन उतरवू पाहणाऱ्याला तिची गरज नाही. पाकिटावर ‘कीटो’ लिहिलेल्या बिस्किटांनाही माझा हाच न्याय लागू आहे.

दीर्घ मुदतीचे निकाल समोर ठेवले की घाईतली हवा निघून जाते. २००३ मध्ये ६३ स्थूल व्यक्तींवर झालेल्या चाचणीत कमी कर्बोदकांचा गट सहा महिन्यांपर्यंत नेहमीच्या कमी स्निग्धांशाच्या गटापेक्षा पुढे होता, पण बारा महिन्यांनी दोन्ही गटांतील फरक लक्षणीय उरला नाही. २००८ मध्ये इस्रायलमधील ३२२ जणांच्या दोन वर्षांच्या अभ्यासात कमी कर्बोदकांच्या गटाचे सरासरी ४.७ किलो, भूमध्यसागरी आहाराच्या गटाचे ४.४ किलो आणि कमी स्निग्धांशाच्या गटाचे २.९ किलो वजन उतरले. २०१८ मध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने स्टॅनफर्ड येथे ६०९ प्रौढांवर केलेल्या चाचणीत एका वर्षात कमी कर्बोदकांनी ६.० आणि कमी स्निग्धांशाने ५.३ किलो सरासरी घट झाली, जो फरक सांख्यिकीदृष्ट्या महत्त्वाचा नव्हता. मात्र दोन्ही गटांत काहींचे वजन वीस-पंचवीस किलोंनी उतरले आणि काहींचे उलट वाढले. मला या सगळ्यांत हा शेवटचा भाग सर्वांत बोलका वाटतो. शेजाऱ्याला लागू पडला म्हणून आहार निवडण्यापेक्षा आपण कोणता आहार वर्षभर न चिडता खाऊ शकतो हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

गोळ्या चालू ठेवून जेवण बदलणे

येथे चूक झाली तर ती वजनापुरती राहत नाही, म्हणून या मुद्द्यावर मी कोणाचीही घाई ऐकून घेत नाही. निवृत्त झालेले एक गृहस्थ, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या, अशी पार्श्वभूमी. ओळखीतल्या कुणीतरी कीटो आहाराने मधुमेह घालवल्याचे त्यांनी ऐकले आणि एका रविवारी धान्य, फळे, साखर सगळे बंद केले. गोळ्या नेहमीप्रमाणे चालू होत्या, कारण गोळ्या कधी चुकवायच्या नाहीत हे त्यांना चांगले शिकवलेले होते. सोमवारी घाम आला, मंगळवारी उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि घरच्यांनी ‘शरीर शुद्ध होत आहे’ अशी समजूत करून घेतली. बुधवारी पहाटे ते असंबद्ध बोलू लागले तेव्हा मुलीने साखर तपासली. ती ४८ होती, म्हणजे फारच कमी. रुग्णालयात नेल्यावर ते सावरले. ते माझ्याकडे आले ते त्यानंतर, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता की आपण सगळे नियम पाळत असताना असे का झाले.

त्यांनी नियम पाळले होते, पण दोन वेगवेगळ्या आहारांचे. ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया गटातील औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. जेवणात कर्बोदके असतील या गृहीतकावर त्यांचा डोस ठरवलेला असतो. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तेच. रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत, मीठ आणि पाणी कमी झाल्यामुळे आधीच उतरलेला दाब त्या आणखी खाली नेतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या औषधांचा धोका आणखी फसवा आहे, कारण कर्बोदके फार कमी झाली तर त्यांच्यामुळे कीटोअॅसिडोसिस (कीटोन्स फार साचून रक्तातील आम्लता धोकादायक वाढणे) होऊ शकतो आणि तेव्हा रक्तातील साखर फारशी वाढलेलीही नसते. उलट्या, पोटदुखी, धाप लागणे ही लक्षणे अशा औषधांवर असलेल्या माणसात दिसली तर ग्लुकोमीटरवरच्या चांगल्या आकड्यावर विसंबू नये, तातडीने रुग्णालयात जावे.

म्हणून माझा नियम असा आहे की वजनाविषयी एक शब्द बोलण्याआधी मी औषधांची चिठ्ठी वाचते. साखर कमी करणारी किंवा रक्तदाबाची औषधे असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नावे पत्र देते, त्यात दिवसाला किती ग्रॅम कर्बोदके ठरवली आहेत ते लिहिते, आणि डोस बदलून येईपर्यंत जेवणात काहीही बदलू देत नाही. डोस डॉक्टरांनीच बदलायचा. स्वतः गोळी अर्धी करणे हीदेखील तितकीच गंभीर चूक आहे. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि त्या वेळी आहार मोडतो आहे असा विचारही मनात आणू नये. पहिल्या प्रकारचा मधुमेह, गर्भारपण, स्तनपान, मूत्रपिंडाचा आजार, स्वादुपिंडाचा दाह किंवा खाण्याशी संबंधित मानसिक विकार यांपैकी काही असेल तर हा आहार स्वतःच्या मनाने सुरूच करू नये.

किरकोळ दिसणाऱ्या चुका

पहिल्या आठवड्यातील डोकेदुखी, पायांत येणारे गोळे आणि मरगळ बहुतेक वेळा मीठ आणि पाणी कमी पडल्यामुळे असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर मीठ घातलेले सूप पुरेसे होते.

बद्धकोष्ठ झाले की लोक औषध शोधतात आणि भाज्या विसरतात. प्रौढांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ खावेत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. धान्य काढले तर पालेभाज्या, जवस आणि सुकामेवा यांतून ते भरून काढावेच लागतात.

प्रथिने मोजावीत. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने आणि आठवड्यातून दोन वेळा वजनांचा व्यायाम, एवढे मी मागतेच.

रक्ततपासणी न करता सुरुवात करू नये. काहींच्या रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजले जाणारे, कोलेस्टेरॉल या आहारावर बरेच वाढते, आणि आधीचा आकडा हाताशी नसेल तर ते कळतही नाही. मी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी तपासणी करायला लावते, आणि एलडीएल वाढले असेल तर लोणी, चीज व चरबीयुक्त मांस कमी करून त्याजागी मासे, सुकामेवा, बियांचे तेल आणि कडधान्ये आणते, मग त्यासाठी कर्बोदके थोडी वाढली तरी हरकत घेत नाही. अमेरिकेतील १५,४२८ प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या २०१८ च्या निरीक्षणात्मक अभ्यासातही कर्बोदकांची जागा प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांनी घेतली तेथे मृत्यूचे प्रमाण अधिक, आणि वनस्पतिजन्य पदार्थांनी घेतली तेथे कमी आढळले होते. निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही, तरी ताटातून काय काढले यापेक्षा त्या जागी काय ठेवले याची चौकशी मी आधी करते.

परतीचा रस्ता न ठरवणे ही चूक शेवटी लिहिते, कारण ती नेहमी शेवटीच लक्षात येते. पहिल्याच भेटीत मी विचारते की बारा महिन्यांनंतर तुमच्या रोजच्या जेवणात काय असेल. उत्तर देता आले नाही तर २० ग्रॅमचा कीटो मी सुरूच करू देत नाही. १२० ते १३० ग्रॅमपासून सुरुवात करते आणि गरज भासली तरच खाली नेते. ज्यांनी आधीच फार खाली नेले आहे, त्यांची कर्बोदके दर दोन आठवड्यांनी दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमने, आधी कडधान्ये व फळे आणि मग अख्खे धान्य या क्रमाने वाढवते. पहिल्या वाढीला काटा अर्धा-एक किलो वर जाईल, हे त्यांच्या वहीत आधीच लिहून ठेवते. सात महिन्यांनी परत आलेल्या त्या बाईंच्या वहीत ते वाक्य मी दोनदा लिहिले होते.